सहावीतल्या मुलीला गणितात किती खोल जाऊ द्यावं?

वाचकाचं पत्र, थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील काढले आहेत):

आम्ही नाशिकला राहतो. मुलगी अकरा वर्षांची, सहावीत आहे. तिच्या पाठचा मुलगा सात वर्षांचा. मुलीला आकड्यांचं विलक्षण वेड आहे. दिवाळीच्या सुट्टीत तिला कुणीतरी ६१७४ ची गंमत सांगितली, तेव्हापासून वह्याच्या वह्या भरतेय. तीन अंकी संख्या घेतली की ४९५ वर थांबते, चार अंकी घेतली की ६१७४ वर, मग दोन अंकी का थांबत नाही, असं तिचं सारखं चालू असतं. आठवी-नववीची बीजगणिताची पुस्तकं आपणहून वाचते. बाकी विषयांत मात्र जेमतेम. वर्गशिक्षिका म्हणतात, 'हुशार आहे, पण एकांगी होतेय.' सासूबाईंना वाटतं, खेळायच्या वयात पोर वहीत डोकं घालून बसते, हे काही बरं नाही. मिस्टर सातपूरला कंपनीत आहेत. त्यांचं म्हणणं, देणगी आहे तर आत्ताच धार लावायला हवी. सातवीपासूनच्या जेईई फाउंडेशन क्लासची चौकशी ते करून आलेत, महिनाअखेरपर्यंत प्रवेश घेतला तर फीत सवलत आहे. शाळेत बोलून तिला एक वर्ग पुढे घालता येईल का, हेही त्यांच्या डोक्यात आहे. मी बी.ए. झालेली, गणिताला कायम घाबरलेली. तिला एकाच विषयात, इतक्या लवकर, इतकं खोल जाऊ द्यावं का? की चारचौघींसारखं सगळं थोडं थोडं करू द्यावं? आपण चुकलो तर तिचं नुकसान होईल, या धास्तीने झोप लागत नाही.

ताई,

तुमच्या पत्रात क्लास आहे, फी आहे, गुण आहेत, सगळ्यांची मतं आहेत. पण मला सर्वांत महत्त्वाचं वाटलं ते तुम्ही जाता जाता लिहिलेलं वाक्य: 'मग दोन अंकी का थांबत नाही?' तिथूनच सुरुवात करू.

ज्यांना ही गंमत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. त्याच अंकांची मोठ्यात मोठी संख्या करा, लहानात लहान करा आणि वजाबाकी करा. ४३२१ वजा १२३४, आले ३०८७. पुन्हा तेच: ८७३० वजा ०३७८, आले ८३५२. पुन्हा: ८५३२ वजा २३५८, आले ६१७४. यापुढे कितीही वेळा करा, ६१७४ च येतं. ज्यांनी हे शोधलं ते दत्तात्रय रामचंद्र कापरेकर तुमच्याच गावाजवळचे. १९३० पासून १९६२ पर्यंत ते देवळालीत शाळामास्तर होते.

ही गंमत बऱ्याच मुलांना दाखवली जाते. मुलं दोन-चार संख्या करून बघतात, 'भारी आहे' म्हणतात आणि खेळायला जातात. त्यात गैर काही नाही. तुमच्या मुलीने मात्र हेच तीन अंकांना लावून पाहिलं, मग दोन अंकांना, आणि जिथे ते चाललं नाही तिथे ती अडून बसली. ९० वजा ०९ म्हणजे ८१, मग ६३, मग २७, मग ४५, मग ९, आणि परत ८१. ती गोल गोल फिरतेय आणि का फिरतेय हे तिला हवंय. नियम कुठे चालत नाही हे शोधून तिथे थांबणं, हे गणितज्ञाचं काम आहे. अकराव्या वर्षी ते कुणी न सांगता होत असेल, तर तिला खोल जाऊ द्यावं का हा प्रश्न थोडा उशिराचा आहे. ती गेलेलीच आहे. आता आपण तिच्याभोवती काय करायचं आणि काय करायचं नाही, एवढंच ठरवायचंय.

तुमच्या मिस्टरांशी मी इथे असहमत आहे, पण त्यांच्या तळमळीशी नाही. मुलीची देणगी त्यांना दिसली आणि ती वाया जाऊ नये म्हणून ते धावपळ करताहेत. अशा वडिलांची मुलगी नशीबवान. फक्त त्यांनी दोन वेगळ्या गोष्टी एक धरल्या आहेत, खोली आणि वेग. फाउंडेशन क्लासमध्ये पुढच्या इयत्तांचा अभ्यासक्रम आधी उरकतात आणि ठरावीक प्रकारचे प्रश्न ठरावीक वेळात सोडवायचा सराव करून घेतात. जेईईसाठी त्याचा उपयोग होतो, आणि अकरावी-बारावीत तिने तो रस्ता धरला तर तेव्हा तो सराव करावाच लागेल. पण 'का' या प्रश्नावर तीन आठवडे घालवणारी मुलगी त्या वर्गात बसली, तर तिला पहिली गोष्ट शिकवली जाईल ती म्हणजे हा प्रश्न परीक्षेला येत नाही, पुढे चल. शिकवणारे वाईट असतात असं नव्हे, त्यांच्या वेळापत्रकात त्या तीन आठवड्यांना जागाच नसते.

वर्ग पुढे घालण्याचंही तसंच. गणितात ती नववीत बसू शकेल. पण मराठीत, इतिहासात आणि मैत्रिणींत ती सहावीतलीच आहे. टेरेन्स ताओ हे आजचे फार मोठे गणितज्ञ, २००६ साली त्यांना गणितातलं अत्यंत मानाचं फील्ड्स पदक मिळालं. दहा वर्षांचे असताना त्यांनी आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाडमध्ये कांस्यपदक मिळवलं होतं. ऑस्ट्रेलियात शाळेत असताना त्यांना सरसकट वरच्या वर्गात ढकललं नव्हतं. गणिताला ते खूप वरच्या वर्गात बसत आणि भाषेसारख्या विषयांना बऱ्याच खालच्या. आपल्याकडच्या शाळांत एवढी मोकळीक मिळणं कठीण आहे, पण विचार तोच ठेवता येतो: जिथे ती पुढे आहे तिथे पुढचं द्या, बाकी ठिकाणी तिला तिच्या वयाची राहू द्या.

शाळाच सोडून घरी शिकवावं का, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण असंच मूल घरात असलेले काही पालक ते विचारतात. बुद्धिबळातल्या गुकेशचं उदाहरण पुढे केलं जातं. त्याने चौथीनंतर नियमित शाळा थांबवली आणि २०२४ मध्ये, अठराव्या वर्षी, तो विश्वविजेता झाला. खरं आहे. पण बुद्धिबळात लहानपणी हजारो डाव डोक्यात बसावे लागतात आणि वर्षभर स्पर्धांसाठी फिरावं लागतं. तिथे शाळेचे तास खरोखर आडवे येतात. गणिताला फिरावं लागत नाही, वही लागते. शिवाय मुक्त विद्यालयातून दहावी करायची तरी चौदा वर्षं पूर्ण असावी लागतात. तेव्हा तुमच्या मुलीच्या बाबतीत शाळा सोडून हाती काही लागणार नाही.

'वेळ निघून जाईल' ही भीती क्षेत्राप्रमाणे खरी-खोटी ठरते, आणि पालक हा फरक करत नाहीत याचं मला वाईट वाटतं. जिम्नॅस्टिक्स, व्हायोलिन, बुद्धिबळ, इथे लवकर सुरुवात करणाऱ्याला मोठा फायदा मिळतो. नाशिकचा विदित गुजराथी अठराव्या वर्षी ग्रँडमास्टर होता. त्यासाठी पटासमोर बसायला त्याने दहावीनंतर सुरुवात केली असती तर जमलं नसतं. उलट, आपल्याच जिल्ह्यातला, चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ. विशीत, २०१२ साली सैन्यात भरती झाल्यावर त्याच्या हाती पहिल्यांदा वल्हं आलं. २०१६ मध्ये तो रिओ ऑलिम्पिकमध्ये नौकानयन करत होता. गणित या दोन्हींच्या मधलं आहे. लवकर गोडी लागली तर उत्तमच, पण सातवीत अमुक क्लास लावला नाही म्हणून कुठलंही दार कायमचं बंद होत नाही. महिनाअखेरची मुदत ही फीच्या सवलतीची आहे, तुमच्या मुलीच्या बुद्धीची नाही.

आता सासूबाई आणि वर्गशिक्षिका. त्यांची काळजी मी उडवून लावणार नाही. पण 'सर्वांगीण' म्हणून आज मुलांच्या वाट्याला येतं तरी काय? सोमवारी चित्रकला, मंगळवारी अबॅकस, बुधवारी कराटे, शनिवारी कीबोर्ड, आणि सहावी म्हटली की होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षेची तयारी. यातल्या एकाही गोष्टीत मूल इतकं आत जात नाही की तिथे अडावं, चिडावं आणि दोन दिवसांनी स्वतःच वाट काढावी. तो अनुभव कुठल्या तरी एका गोष्टीत मिळावा लागतो. कशात मिळतो याला महत्त्व कमी. ज्या मुलाला तो एकदा मिळाला, त्याला पुढे दुसरा विषय धरला तरी कठीण भागाला भिडायचं कसं हे ठाऊक असतं. म्हणून 'एकांगी' या शब्दाने घाबरू नका. सासूबाईंना सांगा, ती वहीत डोकं घालून बसते तेव्हा ती खेळतेच आहे. आणि हे सांगताना त्यांचा मुद्दा निम्मा मान्यही करा. रोज तासभर घराबाहेर, घाम येईपर्यंत खेळणं हवंच. त्यात तडजोड नको.

शिकागो विद्यापीठातल्या बेंजामिन ब्लूम यांच्या गटाने अशा लोकांचा मोठा अभ्यास केला होता, तो १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. पियानोवादक, शिल्पकार, जलतरणपटू, टेनिसपटू, गणितज्ञ आणि मेंदूवर संशोधन करणारे, असे आपापल्या क्षेत्रात तरुण वयातच पार वर पोचलेले सुमारे १२० जण. त्यांच्याशी आणि त्यांच्या आईवडिलांशी बोलून ते कसे घडले हे पाहिलं. मला त्यातल्या दोन गोष्टी फार मोलाच्या वाटतात. एक, अकरा-बाराव्या वर्षी यांतल्या बहुतेकांकडे पाहून हे मूल पुढे इथवर जाईल असं कुणी छातीठोक सांगू शकलं नसतं. दुसरी, त्यांचे पहिले शिक्षक बहुधा नामांकित नव्हते, प्रेमळ होते. आसपासचे, मुलाला आनंदाने शिकू देणारे. कडक, काटेकोर शिक्षक नंतर आले, आणि त्या क्षेत्रातले खरे दिग्गज त्याहून नंतर. आपल्याकडे अनेक घरांत हा क्रम उलटा होतो. आठ वर्षांच्या मुलाला थेट कडक सरांपुढे नेऊन बसवतात आणि पंधराव्या वर्षी त्याचा जीव त्या विषयावरून उडाला की आळशी म्हणतात.

तुमची मुलगी पहिल्या टप्प्यावर आहे. तिला आत्ता हवं आहे एक प्रेमळ, गणित जाणणारं माणूस, पंधरा दिवसांतून एकदा, तासभर. गंगापूर रोड, कॉलेज रोडच्या भागात महाविद्यालयं आहेत. एचपीटी-आरवायके किंवा केटीएचएमच्या गणित विभागात सकाळी जाऊन भेटा. मुलीची वही सोबत न्या, गुणपत्रिका नको. निवृत्त प्राध्यापक असतील तर फारच छान, त्यांच्याकडे वेळ असतो आणि अशी वही पाहून त्यांना मनापासून आनंद होतो. योग्य माणूस ओळखायची खूण सोपी आहे: तिने प्रश्न विचारल्यावर ते उत्तर सांगत नाहीत, तिला काय वाटतं ते आधी विचारतात, आणि ती गप्प बसली तर घाई करत नाहीत. या भेटींना शिकवणीचं रूप देऊ नका, आणि घरातलं मोठं माणूस नेहमी सोबत असू द्या. हे दुसरं सगळ्याच पालकांना सांगतेय, शिकवणारा कितीही ओळखीचा आणि आदरणीय असो.

शाळेत भांडायला जाऊ नका, एक छोटी मागणी घेऊन जा. धडा सुरू होण्याआधी त्याच धड्याच्या शेवटचे अवघड प्रश्न तिला सोडवू द्यावेत. ते बरोबर आले, तर त्या आठवड्यात वर्गात तीच उदाहरणं पुन्हा करण्याऐवजी तिने मागच्या बाकावर स्वतःची वही उघडली तर चालेल का? अशी नेमकी गोष्ट मागितली की अनेक शिक्षक हो म्हणतात. 'आमची मुलगी फार हुशार आहे, काहीतरी करा' असं म्हटलं की कुणालाच काही करता येत नाही. बदल्यात तुम्हीही एक शब्द द्या, की बाकीच्या विषयांत ती मन लावून सत्तरच्या आसपास राहील. नव्वदचा हट्ट मात्र सोडा. ते जास्तीचे वीस गुण मिळवायला जे तास जातात, तेच तास तिला हवे आहेत.

मराठीकडे मात्र माझ्यासाठी म्हणून लक्ष द्या. 'गणिताला कायम घाबरलेली' असं तुम्ही लिहिलंत ते उणेपणा म्हणून, मला तर ते उपयोगी वाटतं. तिला म्हणा, 'मला कळेल असं लिहून दे.' दोन अंकी संख्या का थांबत नाहीत याचं उत्तर तिला सापडण्यासारखं आहे. दोन अंकांची उलटापालट करून वजा केलं की उत्तर नेहमी नवाच्या पाढ्यातलं येतं, इथून सुरुवात होते. हे तिला सांगू नका, तिचं तिला दिसू द्या. दिसल्यावर ते आईला समजेल अशा मराठीत पानभर लिहायला सांगा. 'इथे मला कळलं नाही' असं तुम्ही जिथे म्हणाल, बहुतेक वेळा तिथेच तिच्या विचारात फट असेल. गणितात सिद्धता लिहिणं म्हणजे हेच. त्यासाठी बी.ए.ची आई अगदी योग्य आहे.

पुस्तकांवर फार खर्च नको. वरच्या इयत्तांची पुस्तकं बालभारतीच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. सार्वजनिक वाचनालयाचं सभासदत्व घ्या. तिथे गणिताबाहेरचंही तिच्या हाती लागेल. पुढे आठवीपासून गणित ऑलिम्पियाडच्या पहिल्या पायरीची परीक्षा देता येते. मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, तिथून या सगळ्या ऑलिम्पियाडचं काम चालतं. मुलींसाठी युरोपियन गर्ल्स मॅथेमॅटिकल ऑलिम्पियाड वेगळी असते, आपल्या मुली त्यात भाग घेतात, हे तिला नक्की सांगा. जुने प्रश्न आत्तापासून कोडी म्हणून तिच्यासमोर ठेवायला हरकत नाही, पण घरात पदकाची भाषा नको. घड्याळ लावून सोडवणं काही उत्तम गणितज्ञांना कधीच आवडलेलं नाही, तिलाही कदाचित आवडणार नाही. पुण्यात गणितज्ञ श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ मध्ये सुरू केलेली भास्कराचार्य प्रतिष्ठान ही गणिताची संस्था आहे. दोन वर्षांनी, मे महिन्याच्या सुट्टीत तिथे काय चालू आहे याची चौकशी करा. तिथे तिच्यासारखी मुलं भेटतील. आज वर्गात तिला तसं कुणी नाही, आणि हे एकटेपण मला तिच्या गुणांपेक्षा जास्त काळजीचं वाटतं.

घरी दोन गोष्टी टाळा. पाहुणे आले की 'काकांना करून दाखव' नको, आणि तिचे व्हिडिओ काढून कुठेही टाकणं नको. तिला 'जीनियस' म्हणणं तर नकोच. १९९८ मध्ये क्लॉडिया म्यूलर आणि कॅरोल ड्वेक यांनी अमेरिकेत पाचवीतल्या मुलांवर प्रयोग केला होता. कोडी सोडवल्यावर काही मुलांना 'तू हुशार आहेस' म्हटलं, काहींना 'तू मेहनत घेतलीस' म्हटलं. नंतर अवघड कोडी दिल्यावर 'हुशार' म्हटलेली मुलं लवकर हिरमुसली आणि पुढे आपली हुशारी दिसेल अशी सोपी कामंच निवडू लागली. आपल्याला हुशार म्हटलं गेलंय, आता चुकलो तर ते खोटं ठरेल, ही धास्ती मुलांना गप्प करते. त्यापेक्षा 'हे तुला कसं सुचलं?' असं विचारा आणि शेवटपर्यंत ऐका.

कधी थांबायचं, तेही सांगते. झोप उडाली, जेवण टाळू लागली, वही लपवू लागली, चुकलं की रडून पान फाडू लागली, किंवा आधी असलेली एखादी मैत्रीणही तुटली, तर ते वेड नाही, तो ताण आहे. तेव्हा बहुधा घरातल्या कुणाची तरी अपेक्षा तिच्यापर्यंत पोचलेली असते. आणि उद्या तिचं मन आकड्यांवरून उडून फुलपाखरांकडे गेलं, तर 'एवढं सगळं केलं आम्ही' असं तोंडातून जाऊ देऊ नका. ते वेड खरंच संपलंय की मध्येच अडलीय, एवढं बघा. अडली असेल तर महिनाभर वही बंद ठेवू द्या. संपलं असेल तर संपू द्या.

आता महिनाअखेर. फी भरू नका. मिस्टरांना हे पत्र वाचायला द्या, आणि मग मुलीला एकटीला, शांतपणे, क्लासमध्ये काय असतं ते खरं खरं सांगून 'तुला जायचंय का?' असं विचारा. हे अजून कुणीच विचारलेलं दिसत नाही. ती हो म्हणाली तर वर्षाची फी आगाऊ न भरता एक महिना जाऊन बघू द्या आणि तिने नको म्हटलं की त्याच दिवशी बंद करा. ती नाही म्हणाली तर मिस्टरांनी फीसाठी बाजूला काढलेल्या पैशांतून पुण्याचं प्रतिष्ठान आणि मुंबईचं होमी भाभा केंद्र बघायला दोन फेऱ्या होतील. तिथे तिला घेऊन त्यांनीच जावं. मुलीच्या देणगीसाठी त्यांना काही करायचंय, आणि हे काम त्यांना सर्वांत चांगलं जमेल.

धाकट्याबद्दल तुम्ही एक ओळ लिहून सोडून दिलीत. सात वर्षांच्या मुलाला घरातलं सगळं बोलणं ताईभोवती फिरतंय हे चांगलं कळतं. त्याला गणित आवडतं का हे तपासत बसू नका. आठवड्यातली एक संध्याकाळ त्याची ठेवा, तो म्हणेल तिथे जा, आणि त्या दिवशी जेवताना ६१७४ चा विषय नको.